अंड्यांची टरफलं मराठीत आणायची का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजण्यात चूक झाली असेल तर लगेच कळेल. तुम्ही एका इंग्रजी कादंबरीचा अनुवाद करताय. त्यात मोठी मुलगी मैत्रिणीला सांगते की बाबांची नोकरी गेल्यापासून घरात आम्ही सगळे 'वॉकिंग ऑन एगशेल्स' आहोत. तुम्ही पहिल्यांदा 'आम्ही सगळे अंड्यांच्या टरफलांवरून चालतोय' असं लिहिलंत. संपादकांनी त्याखाली लाल रेघ मारली. मग शब्दकोश पाहून 'आमची तारेवरची कसरत चाललीय' असं केलंत, ते संपादकांना चाललं, पण तुम्हालाच पटेना. आणि आता तुम्ही विचारताय की याला मराठीत नेमका प्रतिशब्द कोणता.

एकच असा नेमका प्रतिशब्द नाही. पण तुमची अडचण शब्द नसण्याची नाहीच, मराठीत शब्द जास्त असण्याची आहे. चिडक्या किंवा दुखावलेल्या माणसाशी जपून वागणं यासाठी आपल्याकडे बोलायच्या निदान सहा-सात तऱ्हा आहेत आणि प्रत्येकीला आपलं ठरलेलं नातं आहे. समोरचा साहेब आहे की आजारी माणूस, नवरा आहे की पाहुणा, हे ठरल्याशिवाय मराठी वाक्य पुढे सरकतच नाही. इंग्रजी वाक्प्रचार हे काहीच विचारत नाही. साहेब, सासरा, सोळा वर्षांचा मुलगा, सगळ्यांना तीच टरफलं. त्यामुळे इंग्रजी लेखकाला जे ठरवावं लागलं नाही, ते तुम्हाला ठरवावं लागणार आहे.

वाक्प्रचाराचा अर्थ 'जपून वागणे' एवढाच धरला तर घोटाळा होतो. जपून तर आपण ओल्या फरशीवरूनही चालतो. इथे आणखी तीन गोष्टी आहेत. समोरचा कशाने बिथरेल याचा अंदाज नाही. तिथून उठून जायची सोय नाही, कारण तो घरातला आहे किंवा पगार त्याच्या हातात आहे. आणि हे एका प्रसंगापुरतं नाही, दिवसचे दिवस चाललेलं आहे. म्हणूनच इंग्रजीत हा वाक्प्रचार बहुतेक वेळा चालू काळात येतो. 'काल मी टरफलांवरून चाललो' असं सहसा कोणी म्हणत नाही, 'चालतोय' किंवा 'गेले कित्येक महिने चालत आलोय' असं म्हणतात. यात एक तक्रारही असते. बोलणारा स्वतःच्या समजूतदारपणाचं कौतुक करत नसतो, तो दमलेला असतो.

ही तक्रार कुठून येते ते पाहायला टरफलांकडेच जरा बारकाईने बघू. इंग्रजीत आधी टरफलं नव्हती, अख्खी अंडी होती. अंड्यांवर पाय पडेल या भीतीने टाकलेली हलकी पावलं सोळाव्या शतकाच्या अखेरच्या इंग्रजीतही सापडतात. टरफलं मागाहून आली. अर्थ तोच राहिला असं कोश सांगतात, पण माझ्या मते चित्र बदललं. अख्खं अंडं वाटतं तितकं लेचंपेचं नसतं. कोंबडीच्या अंड्याचं कवच जेमतेम ०.३ ते ०.४ मिलिमीटर जाडीचं, बहुतांश कॅल्शियम कार्बोनेटचं. पण त्याचा आकार घुमटासारखा असल्यामुळे दाब सगळीकडे वाटला जातो. मुठीत धरून सगळीकडून सारखं आवळलं तर ते सहजी फुटत नाही, एका जागी टोकदार ठोका बसला की फुटतं. अंड्यांमधून चालणाऱ्याला म्हणूनच आशा असते: नीट चाललो तर निभावेल. टरफलं आधीच फुटलेली असतात. तिथे घुमट नाही, आधार नाही. पाऊल कितीही हलकं टाका, कर्रकन वाजणारच. म्हणजे दोष चालणाऱ्याच्या पायात नाही, जमिनीत आहे. हा वाक्प्रचार वापरणाऱ्याला नेमकं हेच सुचवायचं असतं: मी कसंही वागलो तरी आवाज होणारच होता. (ही व्युत्पत्ती म्हणून सांगत नाहीये, माझं वाचन म्हणून सांगतेय. टरफलं का आली याचा पुरावा म्हणून कुणाला दाखवू नका.)

कायदा या बाबतीत उलट बाजूने उभा राहतो. इंग्रजी कायद्यात 'एगशेल स्कल' नावाचं एक तत्त्व आहे, अंड्याच्या कवचासारख्या पातळ कवटीचं. इंग्लंडमध्ये १९०१ साली गाजलेल्या एका खटल्यात घोडागाडी थेट दारूच्या गुत्त्यात घुसली होती आणि आत काम करणाऱ्या गरोदर बाईला त्या धक्क्याने त्रास झाला होता. न्यायाधीशांनी म्हटलं ते थोडक्यात असं: इजा झालेल्या माणसाची कवटी नेहमीपेक्षा पातळ होती किंवा काळीज कमजोर होतं, ही सबब इजा करणाऱ्याला सांगता येणार नाही. समोरचा जसा आहे तसा तुम्हाला मिळाला, आता भरपाई द्या. कायद्यात नाजूक माणसाची बाजू घेतली जाते. वाक्प्रचारात मात्र त्याच्या आजूबाजूला वावरणाऱ्यांची. अनुवाद करताना ही बाजू उलटली तर व्याकरण बिनचूक राहूनही वाक्य चुकतं.

आता संपादकांची लाल रेघ. टरफलं जशीच्या तशी आणायला माझा तत्त्वतः विरोध नाही. 'हिमनगाचं टोक' आपण असंच आणलं आणि ते रुळलंही. पण टरफल म्हटलं की मराठी वाचकाला आधी शेंगा दिसतात, आणि शेंगांपाठोपाठ शाळेत ऐकलेले लोकमान्य उभे राहतात: मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही. तुमच्या दुखावलेल्या बाबांच्या घरात टिळक शिरले की वाक्य गेलंच. 'कवच' म्हणावं तर कर्णाचं आठवतं. शब्दाच्या अंगाला चिकटलेल्या या गोष्टी शब्दकोशात दिसत नाहीत, वाचकाच्या डोक्यात मात्र त्या असतात.

दुसऱ्या भाषांतही चित्र सारखं दिसलं म्हणून अर्थ सारखा असेलच असं नाही. फ्रेंच, इटालियन, डच या भाषांत अंड्यांवरून चालणं आहे आणि अर्थही साधारण हाच आहे. जर्मनमध्ये कच्च्या अंड्यांवरून चालतात, माणसाला कच्च्या अंड्यासारखं वागवतात, आणि 'आयरटान्झ', म्हणजे अंड्यांमधला नाच, अडचणीचा विषय टाळत केलेल्या शाब्दिक कसरतीला म्हणतात. हा नाच नुसती कल्पना नाही बरं का. जमिनीवर मांडलेल्या अंड्यांमधून ती न फोडता नाचायचा खेळ युरोपात खरोखर होता. पीटर आर्टसन या डच चित्रकाराचं त्यावरचं १५५२ सालचं चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये आहे. पण स्पेनमध्ये जाऊन कुणाला 'अंडी तुडवत चाललाय' म्हणालात, तर त्याचा अर्थ होतो 'फारच रेंगाळतोय'! चित्र जवळपास तेच, अर्थ भलताच. म्हणून चित्र ओळखीचं दिसलं की मी आधी थांबते.

हीच गत 'तारेवरच्या कसरती'ची. तुम्हाला ती पटली नाही, ते बरोबरच आहे. तारेवर दोन्हीकडे तोल सांभाळायचा असतो: नोकरी आणि घर, हा पक्ष आणि तो पक्ष. त्यात कौशल्य आहे, थोडा कौतुकाचा सूरही आहे, आणि पडलो तर आपण पडतो. तुमच्या मुलीला दोन बाजू नाहीत. एकच बाजू आहे, बाबा. इंग्रजीतलं 'पातळ बर्फावरून चालणं'ही वेगळं. तिथे बोलणाऱ्याने स्वतः आगळीक केलेली असते किंवा करायच्या बेतात असतो, आणि बुडणार तोच असतो. 'ताकसुद्धा फुंकून पिणं' हेही नको. ती स्वतःचं तोंड एकदा पोळलेल्याची सावधगिरी आहे, तिचा समोरच्याच्या स्वभावाशी संबंध नाही. आणि सगळ्यांत फसवा 'तळहातावरच्या फोडासारखं जपणं'. नाजूकपणा आहे, जपणं आहे, सगळं जुळल्यासारखं वाटतं. पण त्यात निव्वळ माया आहे. तक्रार शून्य.

मग उरतं काय? माझ्या कामात मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: हा माणूस नक्की कशाला घाबरतोय? समोरच्याच्या रागाला, त्याच्या दुःखाला, की त्याच्या हातातल्या सत्तेला?

रागाला घाबरत असेल तर 'धाक', 'दबकून राहणं', 'तोंडातून ब्र न काढणं', 'कधी पारा चढेल सांगता येत नाही' ही मंडळी उपयोगी पडतात. अशा माणसाचा राग नाकावर असतो, तो जमदग्नी असतो. दुःखाला जपत असेल तर 'कलाने घेणं' हा आपल्या भाषेतला फार सुंदर प्रयोग आहे. आजारी माणूस, हट्टाला पेटलेलं मूल, शोकात बुडालेली मैत्रीण, यांच्या कलाकलाने घ्यायचं असतं. पण कलाने घेणारा वरचढ असतो, निदान त्या क्षणी शहाणा असतो. म्हणून मुलगी बापाबद्दल 'आम्ही त्यांच्या कलाने घेतो' म्हणाली, की ती एकदम बापाची आई होते. कधी कधी कादंबरीला तेच हवं असतं, हेही खरं.

सत्तेचं प्रकरण आलं की 'मर्जी सांभाळणं' हाताशी येतं, आणि इथे मी एकदा सपशेल आपटले आहे. एका मालिकेची सबटायटल्स करत होते. कचेरीतला कारकून बायकोला सांगतो की नव्या साहेबांपुढे आम्ही सगळे टरफलांवरून चालतोय. मी लिहिलं: 'आम्ही सगळे साहेबांची मर्जी सांभाळून असतो.' ओळीत छान बसलं. सबटायटलला दोन ओळी, ओळीत चाळीसेक अक्षरं, तेव्हा बसणं ही मोठीच गोष्ट. तपासणाऱ्या सहकाऱ्याने एवढंच विचारलं, 'अहो, हा बढतीच्या मागे आहे का?' मी पुन्हा वाचलं. खरंच, मर्जी सांभाळण्यात काहीतरी पदरात पाडून घ्यायचा वास आहे. 'सुसरबाई तुझी पाठ मऊ' म्हणणाऱ्याला जशी नदी ओलांडायची असते, तसा. माझ्या कारकुनाला काही मिळवायचं नव्हतं, फक्त ओरडा खायचा नव्हता. शेवटी लिहिलं: 'साहेबांपुढे तोंड उघडायची सोय नाही.' टरफलं नाहीत, चालणं नाही, पण माणूस तोच.

समोरचा बरोबरीचा असेल, मित्र किंवा जाऊ, तर प्रकरण आणखी निसरडं. तिथे धाक म्हणणं जास्त होतं, कलाने घेणं आगाऊ वाटतं. अशा वेळी मी वाक्प्रचार शोधायचा नाद सोडते आणि साधं बोलते: 'तिच्याशी बोलायचं म्हणजे दहादा विचार करावा लागतो.' किंवा 'ती कशाचा काय अर्थ काढेल, नेम नाही.' माणसं घरात असंच बोलतात, आणि इंग्रजीतला मूळ प्रयोगही घरगुती बोलण्यातलाच आहे, पुस्तकी नाही. 'फार तोलूनमापून बोलावं लागतं' हेही चालेल, पण ते थोडं सभेतलं वाटतं.

आतापर्यंतचं थोडक्यात: चित्र सोडा, भीती कशाची आहे ते धरा, नातं पाहून शब्द निवडा. पण शब्द बरोबर निवडूनही वाक्य कधी कधी गुळमुळीत होतं. त्याचं कारण बहुतेकदा क्रियापदात सापडतं.

ही दोन वाक्यं शेजारी ठेवून मोठ्याने वाचा. 'मी तिच्याशी जपून बोलते.' 'मला तिच्याशी जपून बोलावं लागतं.' पहिल्या वाक्यात बोलणारी गुणी बाई आहे. दुसऱ्यात ती कंटाळलेली आहे. शब्द तेच, फरक फक्त 'लागतं'चा. इंग्रजीत जी तक्रार टरफलं करतात, ती मराठीत हे 'लागतं' करतं. शिवाय मराठीत लागणं म्हणजे दुखावणंही: शब्द लागला, मनाला लागलं. एकाला लागतं म्हणून दुसऱ्याला सांभाळावं लागतं. हा श्लेष प्रत्येक वेळी साधायला जाऊ नका, पण तो आपल्या खिशात आहे हे माहीत असावं.

दुसरी बारीक गोष्ट इंग्रजीतल्या 'अराउंड'ची. वाक्प्रचाराबरोबर तो शब्दही येतो, अमुक माणसाच्या 'अराउंड' टरफलांवरून चालणं. नवखे अनुवादक त्याचं 'त्याच्या आजूबाजूला' करतात आणि वाक्य अवघडून जातं. मराठीत ते 'बाबा घरात असले की', 'ती समोर आली की' असं होतं. हे 'असले की' फार कामाचं आहे, कारण त्यात बाबा घरात नसतानाचा मोकळा श्वासही न सांगता येतो. एका पात्राच्या तोंडी मी फक्त एवढंच ठेवलं होतं: 'बाबा घरात असले की आम्ही टीव्हीचा आवाजसुद्धा विचारून वाढवतो.' मूळ वाक्यात टीव्ही नव्हता. लेखकाला विचारलं, त्याने परवानगी दिली. विचारल्याशिवाय असं करू नये असं मला वाटतं, पण या बाबतीत माझ्यापेक्षा धीट माणसंही आहेत.

एक परिस्थिती मात्र अशी आहे की चित्र सोडता येत नाही. मूळ लेखकच त्याच्याशी खेळलेला असतो. मी केलेल्या एका कथेत आई फोनवर हा वाक्प्रचार बोलते आणि ते ऐकून पाच वर्षांची मुलगी खाली वाकून फरशी बघते, कुठे टरफलं दिसतायत का म्हणून. पुढे ती घरभर चवड्यांवर चालत राहते. आता इथे 'मन राखावं लागतं' लिहिलं तर मुलीने फरशीकडे का बघावं? चार दिवस ती ओळ तशीच पडून होती. मग लक्षात आलं की मला टरफलं नकोत, पाय हवेत. मुलीच्या पुढच्या हालचाली सगळ्या पायाच्या आहेत. आईच्या तोंडी घातलं: 'या घरात पाऊल वाजवायची चोरी झालीय.' मुलगी स्वतःच्या पावलांकडे बघते, एक पाऊल आपटून पाहते, मग चवड्यांवर चालायला लागते. मूळ कथेतला फरशी बघण्याचा क्षण हातचा गेला, त्याचं वाईट वाटतं. पण 'चोरी' हा शब्द आयता मिळाला. मुलगी नंतर आईला विचारते, 'आपण काय चोरलं?' हे मूळ कथेत नाही आणि माझ्या हस्तलिखितातही मी ते ठेवलं नाही. लिहून पाहिलं आणि खोडलं.

तुम्ही जाता जाता विचारलंय की हे समोरच्याच्या तोंडावर म्हणता येतं का, कारण पुढच्या एका प्रकरणात मुलगी थेट वडिलांना म्हणते. इंग्रजीत म्हणतात, आणि तो चांगलाच घाव असतो. आपलं वागणं बदला, आम्ही थकलो, असा त्याचा रोख असतो. मराठीत मुलगी वडिलांशी कशी बोलते त्यावर तुमचं वाक्य ठरेल. 'अहो बाबा' म्हणणारी मुलगी 'तुमच्याशी काही बोलायचीसुद्धा भीती वाटते' यावर थांबेल. 'अरे बाबा' म्हणणारी 'तुझ्याशी बोलायच्या आधी दहादा विचार करायचा का आम्ही?' असं विचारेल. तुमच्या आधीच्या प्रकरणांत त्यांचं बोलणं कसं लावलंय ते मला माहीत नाही, ते तुम्हीच बघा.

राहिलं तुमचं मूळ वाक्य. तुम्ही दिलेल्या उताऱ्यावरून तरी बाबा तापट नाहीत, खचलेले आहेत. त्यामुळे धाक, पारा, जमदग्नी हे सगळं बाजूला. मुलगी सतरा-अठरा वर्षांची आहे, मैत्रिणीशी बोलतेय, म्हणून कलाने घेणंही नको, ते तिच्या आईच्या तोंडी शोभेल. मी असं लिहीन: 'बाबांची नोकरी गेल्यापासून घरात कुणी मोकळेपणी बोलतच नाही गं. कुठला शब्द त्यांना लागेल, सांगता येत नाही.' एकाची दोन वाक्यं झाली आहेत. कादंबरी आहे, जागा आहे. संपादकांना एकच वाक्य हवं असेल तर 'बाबांची नोकरी गेल्यापासून घरात प्रत्येक शब्द जपून टाकावा लागतो.' यात निदान पाऊल टाकल्याची पुसटशी आठवण राहते.

फक्त शेवटची प्रकरणं वाचून मगच हे पक्कं करा. बाबा पुढे हात उगारणारे निघाले, तर मुलीच्या या पहिल्या वाक्यात भीतीचा एखादा कण आधीच असायला हवा, आणि मग मी 'लागेल' काढून 'कशावरून बिनसेल' असं करीन.